डावीकडचा ब्रेक

ब्रेकबाईंना तोंडावर कुणी ब्रेकबाई म्हणत नसे. तोंडावर सगळे मॅडम म्हणायचे आणि मॅडमची पाठ वळली की ब्रेकबाई. बाईंना हे माहीत होतं आणि त्यांची हरकतही नव्हती. एकदा एका विद्यार्थ्याच्या तोंडून चुकून समोरच निसटलं, तर त्या म्हणाल्या की बाबा रे, ॲक्सिलरेटरबाई म्हणाला असतास तर वाईट वाटलं असतं.

बाईंची मोटार शिकवायची शाळा होती. शाळा म्हणजे काय, तर झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली, खोलीत रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, दोन खुर्च्या, आणि खाली उभी केलेली एक पांढरी गाडी. एक बाई, एक गाडी, संपली शाळा. त्या गाडीला दोन ब्रेक होते. एक उजवीकडे, शिकणाऱ्याच्या पायाशी, आणि दुसरा डावीकडे, बाईंच्या पायाशी. दोन्ही आतून एकमेकांना जोडलेले, त्यामुळे बाईंनी डावीकडचा दाबला की उजवीकडचाही आपोआप खाली जायचा. आता रीत अशी की ब्रेक शिकणाऱ्याने दाबायचा आणि अगदीच गळ्याशी आलं तर शिकवणाऱ्याने. पण बाईंच्या गळ्याशी फार लवकर यायचं. समोर सायकल दिसली की दाब. सायकल वळेलसं वाटलं की दाब. आणि रस्ता अगदीच रिकामा असला, तर एवढा रिकामा का, म्हणून दाब.

इतक्या वर्षांत त्या गाडीवर साधा ओरखडा आला नव्हता, याचा बाईंना कोण अभिमान! त्यांच्या विद्यार्थ्यांचं मात्र विचारू नका. बँकेतला एक कारकून त्यांच्याकडे महिनाभर शिकला, परीक्षा पास झाला (परीक्षेलाही शेजारी बाईच बसल्या होत्या), नवी गाडी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी विकणाऱ्याशी भांडायला गेला. म्हणे ही गाडी सिग्नलला थांबत नाही. विकणाऱ्याने विचारलं, ब्रेक दाबून पाहिलात का? कारकून म्हणाला, तो आपण दाबायचा असतो? सुदैवाने त्याच्या गाडीपुढे फक्त कुंड्या आल्या होत्या.

हसा, हसा. पण कारकुनाचं काय चुकलं सांगा. महिनाभर तो ज्या गाडीत बसला ती आपली आपण थांबत होती.

बाईंचा पाय गाडीतून उतरल्यावरही गाडीतच असायचा. टीव्हीवर कुणी जोरात गाडी हाणायला लागला की बाईंचा पाय फरशीवर आपटलाच म्हणून समजा. दातांच्या डॉक्टरांनी खुर्ची मागे झुकवली, तर बाईंनी अशी लाथ झाडली की डॉक्टरांनी हातातली सुई खाली ठेवली आणि आज नको म्हणाले. घरी त्यांचे यजमान पाणीखात्यात मीटर वाचायला होते. उंच, सावकाश, दिवसभर पायी फिरणारा माणूस. जेवताना ते कुणाच्या मीटरमध्ये शेवाळ साठलंय ते सांगायला लागले की टेबलाखाली धप्प असा आवाज यायचा, आणि यजमान जिथल्या तिथे थांबून भात कालवायला लागायचे. दोघांचा संसार त्या आवाजावर सुखात चालला होता.

आणि मग मुलगी अठरा वर्षांची झाली.

मुलीला घरात छकुली म्हणत. आईपेक्षा टीचभर नाही, चांगली डोकंभर उंच, खांदे बापाचे, आवाज असा की शाळेच्या जिन्यातून हाक मारली तर खालचा झेरॉक्सवाला ओ द्यायचा. तरी छकुलीच. तर या छकुलीला मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायचं शिक्षण घ्यायला जागा मिळाली. जागा मिळायला दोन वर्षं लोक ताटकळतात, हिला पहिल्या फटक्यात मिळाली. घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. हॉस्पिटल शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, हजेरी सकाळी सहाला, आणि पहिली बस सुटायची तीच मुळी सहानंतर. तिथल्या मोठ्या सिस्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की उशीर झाला की नाव कापणार, यादीतली खालची मुलगी वर घेणार. यजमानांनी सायकलवरून सोडायची तयारी दाखवली, तर मायलेकी दोघींनी मिळून त्यांना गप्प केलं. गाडी घ्यायला हवी होती. जुनी, छोटी, स्वस्तातली, पण चालणारी गाडी.

बाई गाडीला तयार झाल्या. पण त्यांनी मनातल्या मनात एक बेत आखला आणि एके दिवशी चहा गाळताना तो सहज सांगून टाकला. गाडी छकुली चालवील, आपण शेजारी बसू. रोज. वर्षभर. यजमान म्हणाले की शाळेचे निम्मे विद्यार्थी सकाळी कामावर जायच्या आधी येतात, त्यांचं काय? पांढरी गाडी काय एकटीच शिकवणार आहे? बाई म्हणाल्या, बघू. आता बाईंचं बघू म्हणजे ठरलं. म्हणजे सकाळचे विद्यार्थी जाणार, ते गेले की शाळा बसणार, हे तिघांनाही दिसत होतं, आणि तिघंही गाळणीतल्या चोथ्याकडे बघत राहिले.

हट्ट वाटतो ना? मलाही वाटला असता. पण त्याच्या आत एक भीती होती, ती बाईंनी कुणाला सांगितली नव्हती. छकुली गाडी शिकली ती त्यांच्याकडेच, त्या पांढऱ्या गाडीत. आणि त्या गाडीत ब्रेक कोण दाबायचं ते आता तुम्हाला ठाऊक आहे. पोरीचा हात छान, गिअर छान, वळणं तर काय विचारता! पण तिने स्वतःहून गाडी कधी थांबवलीय का? बाईंनी अंथरुणात पडल्या पडल्या खूप आठवून पाहिलं. एकही वेळ आठवेना. दर खेपेला आपलाच पाय आधी. म्हणजे जगाला गाडी शिकवली आणि पोटच्या पोरीला थांबायला शिकवायचं राहून गेलं.

तर गाडी बघायला सुरुवात झाली. जुन्या गाड्यांचा एक दलाल होता. डोळ्यांवर कायम काळा चष्मा, तोंडात कायम ताई. त्याने पहिल्या दिवशी एक लाल छोटी गाडी पुसून उभी केली आणि मोठ्या आदबीने उजवं दार उघडलं. बाई तिकडे फिरकल्याच नाहीत. त्या वळसा घालून डावीकडे गेल्या, दार उघडून बसल्या, डोळे मिटले आणि खाली दण दण पाय आपटला. मग उतरून म्हणाल्या, नको. इथे चाकाचा उंचवटा येतो, पाय सरळ राहत नाही. दलालाला वाटलं बाईंच्या पायाला काही दुखणं असेल. त्याने दुसरी गाडी दाखवली. तिच्यात खाली जाड गालिचा होता. बाई म्हणाल्या, पाय रुततो, वेळेला दगा देईल. तिसऱ्या गाडीत डावीकडे खाली ओली छत्री ठेवायची खास जागा केली होती. ती दाखवून दलाल कौतुकाने बाईंकडे बघायला लागला, तर बाई म्हणाल्या की इथे मी पाय ठेवू की छत्री?

दलाल मूर्ख नव्हता. तिसऱ्या दिवसापासून तो उजवीकडे गेलाच नाही. गाडी आली की डावं दार उघडायचा आणि ताई, पत्रा बघा, एकदम कडक, असं सुरू करायचा. गाडी किती पळाली, पेट्रोल किती पिते, सगळं सांगायचं सोडून त्याने डाव्या बाजूचं असं काही वर्णन करायला सुरुवात केली की उजवी बाजू नसती तरी चाललं असतं. एका गाडीत बाईंनी पाय आपटला आणि त्यांचा चेहरा खुलला. हीच, त्या म्हणाल्या. अगदी हीच. छकुलीने काही न बोलता पुढे जाऊन बॉनेट उघडलं. आत इंजिन नव्हतं. दुरुस्तीला बाहेर काढलेलं, म्हणे उद्या येणार होतं. बाई थोडा वेळ त्या पोकळीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या की जागा मात्र छान होती.

आता इथे एक सांगायला हवं. बाई डावीकडे डोळे मिटून पाय आपटत असायच्या, तेवढ्या वेळात छकुली आपली कामं उरकून घ्यायची. गाडीखाली वाकून गंज बघायची, तेलाची काडी काढून पुसायची, टायर नखाने खरवडायची, सीटचे पट्टे ओढून बघायची. शोधता शोधता तिने एक राखाडी गाडी हेरली. दिसायला अगदीच गरीब, पण खालून कोरडी ठणठणीत, इंजिन छोटं, समोर दोन्ही बाजूंना एअरबॅग, आणि सुटे भाग कुठल्याही कोपऱ्यावर मिळतील अशी. एका म्हाताऱ्या शिक्षकांची होती, त्यांनी ती चाळिसाच्या वर कधी नेलीच नव्हती. छकुलीने गल्लीला एक फेरी मारली, परत आली, आणि आईला एवढंच म्हणाली की डावीकडे बसून बघ. बाई बसल्या. पाय आपटला. उंचवटा नाही, गालिचा नाही, छत्री नाही. बाई म्हणाल्या, ही घ्यायची. गाडी आपणच निवडली, अशी त्यांची आजही समजूत आहे.

गाडी आली, पण डावीकडे नुसता कडक पत्रा घेऊन काय चाटायचंय? ब्रेक कुठाय? बाई तडक आपल्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेल्या. तो म्हणाला की शाळेच्या गाडीची गोष्ट वेगळी, घरच्या गाडीला दुसरा ब्रेक लावायला परवानगी लागते, आणि मी असलं भलतंसलतं करणार नाही. बाईंनी त्याला वर्षानुवर्षांच्या ओळखीची आठवण करून दिली. त्याने तीच आठवण धरून पुन्हा नाही म्हटलं. तेव्हा बाई तणतणत निघाल्या आणि गोदामांच्या मागच्या गल्लीत एका गॅरेजवाल्याकडे पोचल्या. या गॅरेजवाल्याला लोक होयबा म्हणायचे, कारण तो कुठल्याच गोष्टीला नाही म्हणत नसे. गाडी उडवायची आहे म्हणालात तरी म्हणायचा, होईल की, संध्याकाळी या.

ब्रेकलाही तो होईल की म्हणाला. अर्ध्या दिवसात झालाही. काळाकुळकुळीत, वर रबराची पट्टी, अगदी हवा तेवढा घट्ट. दाबला की खाली, सोडला की वर. बाईंनी उभ्या गाडीत दहा वेळा दाबून पाहिला. मग छकुलीला गल्लीत गाडी घ्यायला सांगितली आणि कोपऱ्यावर कोंबडी दिसताच पाय टेकवला. गाडी जागच्या जागी थांबली. बाईंच्या जिवात जीव आला. छकुलीने मान वळवून आधी आईच्या पायाकडे, मग आपल्या पायाकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं.

हॉस्पिटल सुरू व्हायला आठवडा होता. बाईंनी सराव लावला. रोज पहाटे उठायचं, हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत जायचं, परत यायचं. आणि त्यांनी मोठ्या मनाने एक कबूलही केलं. ज्या फेरीत आपल्याला एकदाही ब्रेक दाबावा लागणार नाही, त्या फेरीनंतर छकुलीने एकटीने जायचं, आपण बेत सोडून देऊ. ऐकायला किती छान! पण ब्रेक दाबायचा की नाही हे ठरवणार कोण, तर बाईच.

पहिल्या फेरीत त्यांनी कुत्र्याला दाबला. दूधवाल्याला दाबला. कबुतर उडेल की नाही या शंकेने दाबला. वळणावरच्या दुकानाच्या काचेत एक राखाडी गाडी अंगावर येताना दिसली, म्हणून जीव खाऊन दाबला, आणि काचेतली ती गाडी आपलीच होती. दर वेळी गाडी थांबायची. आणि थांबायची कशी, तर मऊ, लोण्यातून सुरी गेल्यासारखी. पांढऱ्या गाडीत बाईंनी ब्रेक मारला की विद्यार्थ्याचं कपाळ स्टिअरिंगला टेकायचं. इथे डॅशबोर्डवर ठेवलेली घराची किल्लीसुद्धा हलेना. बाई घरी येऊन यजमानांना सांगायच्या की होयबाच्या हातात जादू आहे, शाळेच्या गाडीलाही त्याच्याकडूनच बसवून घेते. छकुली मूग गिळून पोहोचल्याच्या वेळा कॅलेंडरवर लिहायची. यजमानांनी एकदा तिच्याकडे बघून भुवई उंचावली, तिने मान हलवली, आणि ते भात कालवायला लागले.

शनिवार उजाडला. सोमवारी हजर व्हायचं. त्या दिवशी जाताना बाईंचा पाय इतक्या वेळा खाली गेला की मोजण्यात अर्थ नव्हता. हॉस्पिटलच्या फाटकाशी छकुलीने गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं.

"आई, सोमवारी मी एकटी येणार."

"आपण दोघी येऊ."

"आणि तुझी शाळा?"

"शाळेचं मी बघते."

"मग आत एक्स-रेच्या खोलीतही माझ्या शेजारी बसणार का तू?"

बाईंना राग आला. खरं तर त्यांना रडू आलं होतं, पण गाडीत रडायचं नाही हा त्यांचा स्वतःचाच नियम होता, विद्यार्थ्यांसाठी केलेला. त्या म्हणाल्या की ज्या दिवशी तुला थांबता येईल त्या दिवशी मी घरी बसेन. छकुलीने आईकडे असं काही पाहिलं की आता सगळं बोलून टाकते. पण तिने किल्ली फिरवली आणि गाडी मोठ्या रस्त्याला घेतली.

मोठ्या रस्त्यावर त्या वेळी मालाच्या गाड्यांची गर्दी. यांच्या पुढे एक टेम्पो चालला होता, कुणाचं तरी घर बदलत असावं, कपाटं, खुर्च्या, बादल्या, आणि सगळ्यांच्या वर एक डबल गादी. दोरी तुटली. गादी आधी जरा उठून बसली, मग वाऱ्याने फुगली आणि टेम्पोवरून उतरून थेट यांच्याकडे यायला लागली. यायला लागली म्हणजे काय, कोलांट्या घेत, मजेत.

बाईंचा पाय खाली गेला. सगळं बळ एकवटून गेला. आणि गाडी थांबली नाही.

त्यांनी पुन्हा दाबला. ब्रेक तळाला टेकला. गाडी तशीच चाललेली. तेवढ्यात छकुलीने आरशात पाहिलं, उजवीकडे मान टाकली, इंडिकेटर दिला, हो, इंडिकेटरसुद्धा दिला, आणि गाडी अलगद उजवीकडच्या मोकळ्या पट्ट्यात सरकवली. गादी डाव्या दाराला जवळजवळ चाटून गेली. पुढच्याच क्षणी मागे धाड असा आवाज झाला. बाईंनी वळून पाहिलं. यांच्या अगदी पाठीला चिकटून एक भरलेला ट्रक येत होता, तो थांबूच शकला नाही, गादीवरून सरळ निघून गेला, आणि रस्ताभर कापूस उडाला. काचेवर कापूस, आरशावर कापूस. छकुलीने वायपर लावले.

मग बाई म्हणाल्या, "गाडी होयबाकडे घे."

होयबा नुकताच गॅरेज उघडत होता. बाई गाडीतून उतरल्या त्याच बोलत उतरल्या. तोंडाचा पट्टा असा सुटला की शेजारच्या गोदामातले हमाल पोती टाकून बघायला आले. माझी पोर गाडीत होती, मागे ट्रक होता, तुझा ब्रेक ऐन वेळी गेला, तुला तुरुंगात घालते, आणि आणखी बरंच. होयबाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, गाडीखाली एकदा सरपटून आला, हात पुसले आणि म्हणाला, "तो गेला नाही ताई. तो जोडलेलाच नाही."

बाईंना कळलंच नाही. त्याने समजावून सांगितलं. हा आईबापांचा ब्रेक. मुलं गाडी चालवायला लागली की आईबाप येतात, तो बसवून देतो. खाली जुन्या सोफ्याची एक स्प्रिंग आहे, बाकी काही नाही. दाबणाऱ्याला बरं वाटतं आणि चालवणाऱ्याला त्रास होत नाही. परवाच एका आजोबांनी मागच्या सीटला बसवून घेतला. एका जोडप्याने एकमेकांच्या नकळत दोघांसाठी दोन बसवून घेतले, ती गाडी आता कोण चालवतं देव जाणे. एक गृहस्थ तर घरी खिडकीजवळच्या आरामखुर्चीला लावून घेऊन गेले, मुलगा ऑफिसातून येईपर्यंत दाबत बसतात. आजवर एकाचीही तक्रार आली नाही. आणि होयबा जरा संकोचून म्हणाला की मॅडम, तुम्ही स्वतः शिकवता म्हटल्यावर मला वाटलं तुम्हाला हे माहीतच असेल.

"पण गाडी थांबत होती," बाई म्हणाल्या. "रोज थांबत होती. मी दाबला की थांबत होती."

होयबाने छकुलीकडे पाहिलं. हमालांनीही पाहिलं. मग बाईही वळल्या.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं. तू दाबलास तेव्हा माझा ब्रेक आपोआप खाली गेला नाही."

"मग कोण थांबवायचं गाडी?"

"मीच. तुझा गुडघा उचलला गेला की मी दाबायचे. आधी आरशात बघायचे, मागे कुणी नसलं तर दाबायचे."

"आणि आज?"

"आज मागे ट्रक होता, आई. आज तुझ्या गुडघ्याचं ऐकलं असतं तर तो आपल्या अंगावर आला असता."

बाई गॅरेजमधल्या एका टायरवर बसल्या. कुत्रं, दूधवाला, कबुतर, काचेतली स्वतःचीच गाडी. पोर एकेका ठिकाणी थांबली होती. नुसती थांबली नव्हती, तर पुढचा रस्ता, मागचा रस्ता आणि आईचा गुडघा, तिन्ही बघून थांबली होती, आणि इतकी हलक्या पायाने की किल्ली हलली नव्हती. मागे कुणी आहे का हे आपण आयुष्यात कधी पाहिलं होतं का, असा प्रश्न बाईंच्या मनात आला आणि त्या मनापासून ओशाळल्या. हिला एक ठेवून द्यावी की छातीशी धरावं, ते त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी पदराने तिच्या केसांतला कापूस तेवढा काढला.

होयबाने विचारलं की ब्रेक राहू दे की काढू. बाई म्हणाल्या, काढ. दोन बोल्ट फिरवले आणि निघाला. त्या आजोबांच्या मोठ्या भावालाही एक हवा आहे, तर हाच घेऊ का, असं त्याने चाचरत विचारलं. बाई म्हणाल्या, घे, पण त्यांना सांग घट्ट आहे, वयाच्या मानाने.

घरी परतताना बाईंना पाय कुठे ठेवावेत ते सुचेना. इकडे ठेवून पाहिले, तिकडे ठेवून पाहिले. शेवटी चपला काढल्या आणि सीटवर सरळ मांडी घालून बसल्या. सिग्नल आला, गेला. एक सायकल आडवी आली, बाईंनी नुसते गुडघे धरून ठेवले. पुढचं त्यांना आठवत नाही, कारण आठवडाभर पहाटे उठत होत्या आणि त्यांचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा गाडी घरासमोर सावलीत उभी होती. काचा खाली केलेल्या. छकुली स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती.

"कधी आलो?" बाईंनी विचारलं.

"आत्ताच."

फाटकातून यजमान म्हणाले की आत्ताच कसलं, दुपार झाली, मी जेवायला बोलवायला तीनदा येऊन गेलो, ही मला गाडीचं दार उघडू देईना. बाईंनी पाय खाली सोडले. त्यांना मुंग्या आल्या होत्या. चपला चाचपत त्यांनी सोमवारी किती वाजता निघणार आहेस म्हणून विचारलं. छकुली म्हणाली, पाचला.

"बरं," बाई म्हणाल्या. "डबा रात्रीच भरून ठेवते. जाताना मला उठवू नकोस."